शेवटच्या बाकावरून खुलासा

पोळ्यानंतरचा पहिला मंगळवार, शाळा तपासणी: जबाबदार, शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. त्याच आठवड्यातील शुक्रवार, मला खुलासा मागणारी नोटीस: जबाबदार, मुख्याध्यापक. घटस्थापनेचा आदला दिवस, नववीचा चर्चेचा तास बंद: जबाबदार दोघेही, संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे.

निवृत्तीला वर्ष उरलेला मी इतिहासाचा शिक्षक. पाली गावाच्या पलीकडे असलेल्या आमच्या हायस्कुलात नववीचा मंगळवारचा इतिहासाचा तास विद्यार्थीच चालवीत. ज्याची पाळी, तो माझ्या खुर्चीत बसे. मी शेवटच्या बाकावर बसे आणि हात वर करून परवानगी मिळाल्याशिवाय बोलत नसे. पाळ्या हजेरीपटाप्रमाणे लावलेल्या नव्हत्या. ज्यांना दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला जावे लागते, त्यांचा क्रमांक आधी. गावात राहणाऱ्यांना पुढचे सगळे महिने मोकळेच असतात. ही तरतूद मी लेखी केलेली आहे.

त्या मंगळवारी खुर्चीत अशीच एक मुलगी होती. विषय होता, निजामाच्या अमलात गावचा कारभार कोणाच्या हाती होता. माझा हात बराच वेळ वर होता.

"सर, तुमी दोनदा बोलले. आता बाकीच्यायला बोलू द्या," ती म्हणाली.

तेवढ्यात विस्तार अधिकारी दारात आले. "शिक्षक कुठे आहेत?"

"सायेब, आदी हात वर करा. मग नंबर लागंल."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी हात अर्धा वर केला आणि म्हणाले, "माझे आजोबा सांगायचे, या भागात पाटलाचा कारभार अत्यंत न्यायाचा होता."

"तुमचे आजोबा कोन व्हते?"

"पाटील."

"मंग त्ये दुसरं काय सांगनार!" मधल्या बाकावरून कोणीतरी ओरडले.

"गप रे," मुलीने दटावले. "सायेबाचं लिवून घ्या. पर एका घरचं झालं. आता ज्यायला पाटलाच्या दारात उभं ऱ्हावं लागायचं, त्यायच्या घरचं कोन सांगतंय?"

चार हात वर झाले. मी हसलो. वर्गाच्या नियमांत हसण्यास परवानगी लागत नाही. साहेब मात्र तडक निघून गेले आणि अहवालात लिहिते झाले: "भेटीच्या वेळी वर्गात शिक्षक आढळून आले नाहीत."

मी सात पानी खुलासा दिला. त्यास बाकाचे मोजमाप, दारापासूनचे अंतर आणि हात वर असतानाची माझी उंची, अशी तीन परिशिष्टे जोडली.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, साहेबांना एक फोन लावा, चूक झाली म्हणा. मिटलं."

"कोणाची चूक?"

"तुमची म्हणा की! फोन तुम्हीच करणार ना?"

मी फोन केला नाही. खुर्चीतल्या मुलीने मात्र आपण होऊन साक्ष लिहून दिली: "सर वर्गात होते. त्यांचा हात वर होता. मीच त्यांना बोलू दिले नाही, कारण ते लई बोलतात." त्यातले शेवटचे कारण मला मान्य नाही, तरीही साक्षीत फेरफार करणे गैर असल्याने मी ती जशीच्या तशी सादर केली.

उत्तर आले ते तास बंद करण्याच्या आदेशाच्या रूपाने. ऊसतोडणीला जाणाऱ्यांपैकी तिघींच्या पाळ्या राहिल्या आहेत. त्यांतील एकीने मला व्हरांड्यात गाठून विचारले, "सर, माजी पाळी कारखान्याहून आल्यावर का?" त्या परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. मी तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला, आणि असा प्रश्न ज्याच्यामुळे उद्भवतो त्या माणसाला मी सहसा सोडत नाही.

म्हणून माझी मागणी अशी: विस्तार अधिकाऱ्यांनी ऊसतोड टोळीचे ट्रक गावात येण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर, या तिघींसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर उभे राहून सांगावे, की शिक्षकाने खुर्चीतच बसावे हे कोणत्या नियमात लिहिले आहे, आणि तसा नियम नसेल तर या तिघींचे तीन मंगळवार ते कोणत्या तारखांना परत करणार आहेत. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.