किलबिलमधलं नाव

आमच्या वऱ्हाडात लग्नपत्रिका वाचायची एक पद्धत आहे. पत्रिका घरात आली की आधी वरच्या गणपतीला हात जोडायचे, नवरा-नवरीची नावं घाईघाईनं उरकायची आणि लगेच खाली वळायचं. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, कोणाचं नाव कोणाच्या वर लागलं आणि नावापुढच्या कंसात काय आहे, हे बघायचं. बी.कॉम., डी.एड., इंजिनीअर, तलाठी. ज्याच्याजवळ यातलं काही नसतं तो प्रगतिशील शेतकरी होतो. कंस मात्र रिकामा ठेवत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, दोन चिमण्यांच्या चित्राखाली किलबिल असते. तिथे घरातल्या लहान पोरांची नावं आणि त्यांच्या तोंडी एक ओळ: "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!"

माझ्या मामेबहिणीची पत्रिका आली तेव्हा मी विशी ओलांडली होती. आमचं गाव मूर्तिजापूरच्या पुढे, अकोला आणि अमरावतीच्या मधोमध. पत्रिका मोठ्यानं वाचायचं काम बाबांचं. ओट्यावर बसून, ओळीखाली बोट फिरवत ते वाचत होते आणि आपलं नाव आलं की प्रत्येक जण हुंकार देत होता. आईचं आलं. माझ्याहून धाकट्या भावाचं आलं, कंसात आयटीआय. बोट खाली खाली सरकत गेलं, माझं नाव काही येईना. मग ते किलबिलपाशी थांबलं. तिथे एक तीन वर्षांचा पोरगा होता, एक अजून रांगणारी पोरगी होती, आणि त्या दोघांच्या मागे मी होते.

बाबांनी ते वाचलंच नाही. पत्रिका घडी करून देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि गुरांकडे गेले. भावानं मात्र वाचलं आणि तो हसत सुटला.

ही पत्रिका मामानं लिहिली होती. आईच्या माहेरच्या आणि सासरच्याही सगळ्या पत्रिका तोच लिहायचा, कारण आमच्या गोतावळ्यात तो सगळ्यात जास्त शिकलेला. अमरावतीला कॉलेजात प्राध्यापक, राजापेठेत बंगला, नावापुढे एम.ए., एम.फिल., बी.एड. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

दहावीनंतर त्यानंच मला अमरावतीला नेलं होतं. "सायन्स घे, तुझं आयुष्य घडवतो," म्हणाला. मला सायन्स नको होतं, पण मला विचारलं कोणी? दोन वर्षं त्याच्या घरी राहिले. सकाळी दूध आणायचं, मामीसोबत स्वयंपाक, संध्याकाळी भाजी, आणि उरलेल्या वेळात फिजिक्स. बारावीला मी फिजिक्समध्ये नापास झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला बॅगेसकट गावी आणून सोडलं आणि आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पीत, आईला म्हणाला, "शिक्षण सगळ्यांच्या नशिबात नसतं, बाई." आईनं मान हलवली. मामाचं बोलणं ऐकताना ती नेहमीच मान हलवते.

तर त्या लग्नात मी त्याला मांडवाच्या दारात गाठलं. मनात खूप काही योजून गेले होते, तोंडातून एवढंच निघालं, "मामा, माह्यं नाव किलबिलमंधी कावून टाकलं?"

चारचौघं उभी होती. तो प्रसन्न हसला. मामा कधीही मले-तुले बोलत नाही, बोलणाऱ्याला अडवून सुधारतो. म्हणाला, "'माह्यं' नाही, 'माझं'. अगं, वर नाव घालायचं तर पुढं काहीतरी लिहावं लागतं ना? तुझ्या पुढं काय लिहू? रिकामं बरं नाही दिसत."

सगळे हसले. त्या दिवसापासून मी नात्यात किलबिल झाले. "काय वं किलबिल, जेवली काय?" पंगतीत वाढणाऱ्यानं विचारलं. तिवस्याच्या आत्याची सून तर अजून मला त्याच नावानं हाक मारते.

लोक सांगतात, शिकले कारण ज्ञानाची ओढ होती. मला ओढ होती मामाचं तोंड पाडायची. त्याच्याच हातानं माझ्या नावापुढे कंस काढून घ्यायचा आणि त्यात पदवी लिहून घ्यायची, एवढंच मला हवं होतं. हे मी कोणाला बोलले नाही, पण रोज झोपताना उजळणी करायचे.

वाट सापडली ती मूर्तिजापूरच्या स्टेशनवर, एका अंगणवाडी मदतनीस बाईंच्या तोंडून. त्या अकोल्याला दर रविवारी शिकायला जात होत्या. बारावी नसली तरी दहावीवर दोन वर्षांची समाजकार्याची पदविका करता येते, आणि ती नीट पास झालं की तिच्या जोरावर बीए समाजशास्त्राच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना तीनदा विचारून घेतलं की शेवटी मिळते ती बीएच ना, दुसरं काही नाही ना. "बीएच वं माय, अख्खी बीए," त्या म्हणाल्या. गाडी आली तेव्हा मी त्यांची पिशवी उचलून त्यांना डब्यात चढवलं.

मुक्त विद्यापीठाचं अकोल्याचं अभ्यासकेंद्र एका प्राथमिक शाळेत भरायचं. बाकं पाचवीच्या पोरांची, गुडघे आत मावत नसत. वर्गात कोण नव्हतं? एसटीचा कंडक्टर, होमगार्ड, दोन आशाताई, एक किराणा दुकानदार. एप्रिलमध्ये पंखा गरम वारा फेकायचा आणि आम्ही ओला रुमाल डोक्यावर टाकून "समाजातील संस्था" लिहून घ्यायचो. मला सगळं झटकन कळायचं, कारण प्रत्येक धड्यात मला मामाच दिसायचा. सामाजिक स्तरीकरण म्हणजे काय, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी उभी राहून निमंत्रकापासून किलबिलपर्यंतचा जिना सांगितला. प्रतिष्ठा म्हणजे काय, तर कंस. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"तुह्या लिहिण्यात राग दिसून राहिला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काढून टाकू का?"

"कायले काढतं? त्याच्याखाली पुरावा ठेव."

हे वाक्य मी डोक्यात ठेवलं आणि पदविका पहिल्या वर्गात काढली. मामाला कळवायचं नाही, अशी मी आईला शपथ घातली होती. आईनं दुसऱ्याच दिवशी फोन करून कळवलं. तो म्हणाला, "चांगलं आहे, वेळ जातो."

बीएच्या दुसऱ्या वर्षाला आमचं परीक्षा केंद्र अमरावतीला पडलं. बडनेऱ्याला उतरून ऑटोनं पोचले आणि फाटकापाशीच पाय थबकले, कारण ते मामाचंच कॉलेज होतं. पहिल्या पेपरला हॉलवर देखरेखीला तोच. एकेकाचं हॉल तिकीट बघत तो माझ्या बाकापाशी आला. तिकीट उलटं केलं, सुलटं केलं, सही केली. मग वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मागच्या दारानं आत आलीस म्हणायची."

पहिला अर्धा तास माझं अक्षरच धड येईना. समोर प्रश्न होता कुटुंबसंस्थेतील सत्तासंबंधांचा. मी मान वर करून बघितलं, तो खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. मग मी लिहायला लागले. पुरवणी मागितली, ती त्यालाच आणून द्यावी लागली. पुन्हा मागितली. गरज नव्हती तेव्हाही मागितली. तो प्रत्येक वेळी उठून आला, आणि मी प्रत्येक वेळी अगदी नम्रपणे "थँक यू सर" म्हटलं. त्या पेपरात मला केंद्रावरचे सगळ्यात जास्त गुण पडले, याचं श्रेय मी त्याला आजही देते.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला लग्नपत्रिका. अंजनगावच्या मावशीपासून धामणगावच्या चुलत आजोबांपर्यंत सगळ्यांच्या ट्रंका उघडायला लावल्या. सगळीकडे तेच दिसलं. सुना त्यांच्या माहेरच्या पत्रिकेवर कंसासकट असतात आणि सासरच्या पत्रिकेवर नुसत्या सौ. होतात. विधवा बाईचं नाव हळूच गळतं. न शिकलेल्या पोरीला तिचं लग्न ठरेपर्यंत कुठेच जागा नसते. प्रत्येक गोष्टीखाली मी पुरावा ठेवला. आणि किलबिलच्या प्रकरणात मामेबहिणीची पत्रिका चिकटवली. नावं झाकली, वय लिहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी ते पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही तिसरी कोण?" मी म्हटलं, "आहे एक."

पास झाले. पेढे घेऊन मी पहिली राजापेठेत गेले. मामा तेव्हा निवृत्त झाला होता. पेढा हातात धरून म्हणाला, "बाहेरून केलेलं ना हे? डिप्लोमावरून?" मामी म्हणाली, "अहो, पेढा खा आधी." त्यानं तो टीपॉयवर ठेवला. मी निघेपर्यंत तो तिथेच होता.

पुढच्या हिवाळ्यात भावाचं लग्न ठरलं. सोयरीक पक्की झाल्याच्या आठवड्यात मामानं पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून दिला, कोणी मागितला नव्हता तरी. मी फोन हातात घेतला आणि बाबांसारखंच बोट फिरवत खाली गेले. मी या वेळी वर होते, निमंत्रकांत. नावापुढे कंस होता. कंसात लिहिलं होतं, डिप्लोमा.

मी आरडाओरडा केला नाही. बाबांना फक्त दाखवलं. ते आयुष्यात कधी मामाविरुद्ध बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. म्हणाले, "अकोल्याले छापाले तूच जाय. आता घरातच शिकलेला माणूस हाये."

छापखान्यात काम करणाऱ्या दादांशेजारी स्टूल ओढून मी बसले. माझ्या नावापुढे बी.ए. (समाजशास्त्र) टाकून घेतलं. आईला सातवी आहे, तीही टाकली, कंसात, अगदी ऐटीत. भावाचं, काकांचं, आत्येभावांचं, सगळ्यांचं जसंच्या तसं ठेवलं. मग "मामाकडील मंडळी" या चौकटीत आले. ही चौकट मानाची, रंगीत, वेलबुट्टीची. एम.ए., एम.फिल., बी.एड., सेवानिवृत्त प्राध्यापक. मी म्हटलं, दादा, एवढं सगळं काढा. नुसतं श्री. आणि नाव राहू द्या.

दादांनी काढलं. मग मान तिरकी करून बघितलं. "ताई, इथं रिकामं दिसून राहिलं. काई टाकू काय?"

"नको," मी म्हटलं, "राहू द्या तसंच."

पत्रिकांचा गठ्ठा मामाकडे मीच नेऊन दिला. त्याच्या बाजूच्या लोकांना वाटायच्या पत्रिका त्यानंच वाटायच्या असतात, तसा रिवाज आहे. त्यानं चष्मा लावला. वरून खाली आला. माझ्या नावावर थांबला, आईच्या सातवीवर थांबला, मग चौकटीत. त्या चौकटीवरून त्यानं दोनदा बोट फिरवलं. आणि मग जे बोलला ते कॉलेजातलं मराठी नव्हतं, आजीच्या चुलीपुढचं होतं.

"कावून वं पोरी? माह्या नावापुढं काईच नाई?"

मी इतकी वर्षं त्याचंच जे वाक्य घोकत होते ते आता म्हणायचं होतं. शांतपणे म्हटलं, "'माह्या' नाही मामा, 'माझ्या'. जागाच उरली नव्हती."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला चहा दिला तो आलं घालून दिला. तो चहा मी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मला इतका आनंद झाला होता की बडनेऱ्यापर्यंत ऑटोवाल्याशी गप्पा मारत गेले.

लग्न झालं. त्यानंतर काही दिवसांनी नवीन जोडप्याला घेऊन मी धामणगावला आईकडच्या चुलत आजोबांकडे गेले. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागे आमची पत्रिका खोचलेली होती, मामाच्या वाटणीतली. सहज उघडली. चौकटीत, त्याच्या नावापुढे, निळ्या पेनानं बारीक अक्षरात कंस काढला होता आणि आत एम.ए., एम.फिल., बी.एड. लिहिलं होतं. फळ्यावर लिहायचा तसंच टापटीप अक्षर, फक्त शेवटी थोडं थरथरलेलं. म्हणजे त्यानं गठ्ठ्यातली एकेक पत्रिका उघडून हे केलं असणार. टेबलाशी बसलेला तो मला डोळ्यांपुढे दिसला. दया यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. आली नाही.

मी घाईनं वर निमंत्रकांकडे गेले. हातात पेन होतंच त्याच्या. माझं बी.ए. त्यानं कापलं असणार, डिप्लोमा केलं असणार, याची मला खात्री होती. मी ते बघायला अगदी आतुर झाले होते.

त्यानं हात लावला नव्हता. होतं तसं ठेवलं होतं.

मला वाईट वाटलं ते तेव्हा. एम.ए.चा प्रवेश अर्ज माझ्या पर्समध्ये होता. त्यानं कापलं असतं तर मी तो त्याच रात्री रागानं भरून टाकला असता. आता तो नुसता शिकण्यासाठी भरावा लागणार होता, आणि तसं मी आजवर कधी केलं नव्हतं.