आयांना बोलावणं

खानसामाचाचांना स्वयंपाकाबद्दल काहीही विचारलं, की ते आधी विचारत, "पाहुणा बसंल कुठं?" चुलीचं, मिठामिरचीचं बोलणं नंतर. जालन्याच्या डाकबंगल्यावर तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांना रांधून वाढलं, आणि म्हातारपणी ते आमच्या टेंभुर्णीला येऊन राहिले. खांद्यावर कायम घडी घातलेला पंचा. तो इतका पांढरास्वच्छ असे, की त्यांच्याकडे बोट दाखवून आमच्या आया आम्हाला हात धुवायला पिटाळत.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. संक्रांत होऊन गेली होती, मळ्यात वांगी लागली होती. मी, माझी मैत्रीण सखू, तिचा भाऊ दगडू आणि आणखी तीन-चार पोरं, आम्ही ओढ्याकाठच्या चिंचेखाली रोडगे करायचं ठरवलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, एवढंच ठाऊक होतं. पुढचं विचारायला चाचांकडे गेलो.

"खाणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच."

"सोताच शिजवायचं अन् सोताच खायचं? कोणाला तरी बोलवा, मंग मी शिकवतो."

सखू म्हणाली, "आयांना बोलवू."

"बराबर," चाचा म्हणाले. "पण जाता-येता सांगायचं न्हाई. उंबऱ्याशी उभं राहून रीतसर बोलवायचं. अन् आईलाच, बापाला न्हाई."

माझी आई ऐकून हसली. "अन् शेतात दुपारची भाकर कोण नेईल?" हेच सगळ्या आयांनी विचारलं. आम्ही तोंडं पाडून परत गेलो, तर चाचांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "पाहुण्याची अडचण म्हणजे आपलीच अडचण. तुम्ही न्या भाकर." तसं ठरलं. आया म्हणाल्या, "बघू." घरात 'बघू'चा अर्थ काय असतो ते आम्हाला चांगलं माहीत होतं.

ठरल्या दिवशी दगडूनं शेतोशेती भाकरी पोचवल्या. आम्ही चिंचेखाली जागा झाडली. चाचा आले, पण ओढ्याच्या पलीकडे दगडावर बसले. कुणब्यांच्या घरात मुसलमानाच्या हातचं चालत नसे. आम्ही ते विसरलो होतो, चाचा विसरले नव्हते. तिथून काठीनं दाखवत ते सांगायचे, "वारा कोणीकडून येऊन राह्यला ते आधी बघा. धूर पाहुण्याच्या डोळ्यात जायचा न्हाई." मांडलेली चूल आम्ही दोनदा हलवली. रोडगे भाजले, वांगी आरात घातली, पळसाच्या पत्रावळ्या धुऊन पालथ्या घातल्या.

आणि वरण खारट झालं. मीही मीठ घातलं होतं आणि सखूनंही. सखू रडायलाच लागली. डाळ संपली होती, आया येण्याची वेळ झाली होती.

"रडणं रात्री करा," चाचा पलीकडून म्हणाले. "जल्दी पाणी वाढवा. चिंच कोळून घाला, गूळ घाला, एक उकळी येऊ द्या. अन् त्याला वरण म्हणू नका. सार म्हणा."

आया आल्या. एकीलाही एकटीनं यायचं धाडस नव्हतं, म्हणून सगळ्याजणी घोळक्यानं आल्या. आम्ही त्यांना ओळीनं बसवलं. पण बसून राहणं त्यांना जमेना. आई तीनदा उठली, एकदा पाणी आणायला, दोनदा उगीचच. चाचांनी बजावलं होतं, तसं मी तिला हात धरून खाली बसवलं. मग ती जेवू लागली, सावकाश, मान खाली घालून. तिला भरीत इतकं आवडतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी, उरलंसुरलं खायची. भरीत कधी उरतच नसे.

मध्येच थांबून तिनं विचारलं, "अन् चाचांना कोण वाढणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाचांना आम्ही बोलावलंच नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "ते जेवायला बसल्याबगर आम्ही हात धुणार न्हाई."

मी ओढा ओलांडून गेले. आयांना बोलावलं होतं तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, आमच्याकडं जेवायला या." त्यांनी पंचा झटकला आणि दगडावर नीट मांडी घातली. मी पत्रावळ मांडून वाढलं. साराचा भुरका घेऊन ते म्हणाले, "मीठ अजून बी जास्तच हाये." मग पत्रावळ पुसून काढली.

चार-पाच वर्षांनी चाचांची नजर गेली. जालन्याहून त्यांचा जावई बैलगाडी घेऊन न्यायला आला. निरोप घ्यायला ते आमच्या दारात आले, तेव्हा बाबा शेतात होते. परक्या पुरुषाशी आई कधी बोलत नसे. त्या दिवशी तिनं अंगणात पाट मांडला आणि म्हणाली, "चाचा, असं उपाशी जायचं न्हाई." मी त्यांना हात धरून बसवलं. घरातल्या पितळी ताटात आईनं स्वतः वाढलं, ताटात काय कुठे आहे ते त्यांना हळूच सांगितलं. शेजारच्या काकू त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ताटाकडे बघत राहिल्या. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि चाचांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.