पाणी बाटलंय, मास्तर

नदीत पाऊल टाकण्याआधी ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, दोन्ही गालांत घोळवायची आणि थुंकून निकाल द्यायची, "आज गोड हाय." नाहीतर, "आज न्हाई बरं." तुमच्याही गावात अशा जिभेचं एखादं माणूस तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडे ही भोईण होती. लढाईचे दिवस होते आणि काष्टीच्या अलीकडे, घोड नदीच्या काठी मी शाळामास्तर होतो.

पावसाळ्यात ती होडीनं माणसं पार करायची. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरे उकरायची. वरचा झिरा पिण्याचा, त्याखालचा गुरांचा, सगळ्यांत खाली धुणं, हा तिचा कायदा. एकदा पाटलाच्या सुनेचं धुणं तिनं सरळ उचलून खालच्या अंगाला नेऊन ठेवलं. सून तणतणली, तर म्हणाली, "तुमचंच पोर पितंय, बाई."

लढाईसाठी दोर लागू लागले आणि वरच्या गावच्या बागायतदारांनी ताग पेरला. तागाच्या पेंढ्या पाण्यात कुजवतात, मग दोर वळायला त्याचा वाख निघतो. कार्तिकात नदीची धार बारीक झालेली, त्यात त्यांनी डोह पेंढ्यांनी भरला. एक खेप निघाली की दुसरी पडायची. पाणी काळपट झालं, मासे पोट वर करून येऊ लागले आणि खाली आमचं गाव तेच पाणी पीत होतं. ती वर जाऊन हात जोडून आली. तिथं तिला ऐकवलं, "वाहत्या पान्याला इटाळ नसतो."

मग ती माझ्याकडे आली. "मास्तर, मामलेदाराला अर्ज लिवा. पानी बाटलंय म्हनावं."

मी लिहिलं, 'नदीचे पाणी बाटले आहे.' तिचाच शब्द ठेवला म्हणून स्वतःवर खूश झालो. शिकलेल्या माणसाला असली हौस फार.

पंधरा दिवसांनी चावडीत उत्तर वाचलं गेलं. बाटल्याची तक्रार धार्मिक स्वरूपाची असल्यानं सरकार दखल घेत नाही. गावकुसाबाहेरच्या बायकांना वाटलं, आपल्या शिवण्यानं पाणी बाटलं म्हणून हिनं आपल्यावरच अर्ज केला. रोज तिच्याशी चार शब्द बोलणाऱ्या त्या बायकांनी अबोला धरला.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बाटलं म्हंजी नासलं, मास्तर. तुमास्नी ठावं हुतं की."

मला ठाऊक होतं. ते अजून सलतं.

त्याच दिवशी तिच्याच नावानं दुसरा अर्ज लिहिला. पाणी नासले, ताग कुजतो, मासे मेले, सगळं सरळ लिहिलं. पण तोवर नदीच्या वासाला कंटाळून लोक पडीक बारवेचं पाणी भरू लागले होते. त्या पाण्यातून पटकी आली.

भोईण रोज डोहाच्याही वर, दोन कोस चालत जाऊन घागरी भरून आणायची. अबोला धरलेल्यांच्या दारात आधी ठेवायची. "रागवा खुशाल, पन ह्येच प्या," एवढंच म्हणायची. दारोदार आजाऱ्यांचं करता करता पाचव्या दिवशी तिलाच उलट्या-जुलाब सुरू झाले. दिवस मावळायच्या आत गेली. मी उशाशी होतो, पण क्षमा मागायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या अर्जाची चौकशी फाल्गुनात आली. ताग केव्हाच निघून गेला होता. कारकुनानं चावडीसमोर अर्जदाराचं नाव तीनदा पुकारलं. त्यानं कागदावर 'गैरहजर' लिहिलं.

मी पुढे झालो. म्हणालो, "मयत लिहा. शब्द बरोबर लिहा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, 'गैरहजर' खोडलं, 'मयत' लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'सबब अर्ज निकाली.'