मेव्हणीने मांडलेलं गाऱ्हाणं

माझ्या बायकोच्या मावसबहिणीला आयुष्यात अनोळखी माणूस भेटलेलाच नाही. आपण ज्याला अनोळखी म्हणतो, तो तिच्या लेखी 'अजून नातं न ठरलेला' असतो. काय करतेस विचारलं तर सांगते, "भावोजी, मी परफॉर्मन्स आर्ट करते." म्हणजे नाटकच, पण त्याला रंगमंच नाही, तिकीट नाही आणि बघायला आलेल्यालाच काम करावं लागतं. एकदा ती लोअर परळच्या मॉलबाहेर 'आज मी कुणाचीही आत्या' अशी पाटी गळ्यात अडकवून बसली. पोलीस उचलतील म्हणून मी संध्याकाळी धावत गेलो, तर टाय लावलेला एक साहेब तिच्यापुढे उकिडवा बसून बायकोच्या तक्रारी सांगतोय आणि मागे ही लांबलचक रांग! मेव्हणी त्याला म्हणते, "आधी डबा संपव. उपाशीपोटी बायकोबद्दल बोलू नये."

माझं हिंदमाताला साड्यांचं दुकान आहे. फुटपाथवर पथारी टाकण्यापासून सुरुवात केली आणि गाळा घेतला तो या जिभेच्या जोरावर. घासाघिशीत मला हरवणारा अजून जन्मायचाय, आणि चिडण्यातही. ही मेव्हणी मात्र मी सांगेन त्या किमतीला साडी घेऊन जाते. असा अपमान माझा कुणी केला नाही. वर माझ्या गिऱ्हाइकांना विचारते, "ही नेसून पहिल्यांदा कुणाला भेटायला जाल?" एक बाई माझ्याशी हमरीतुमरीवर आली होती, तिने या प्रश्नावर डोळ्यांना पदर लावला आणि आईसाठी दुसरी साडी काढायला लावली. मेव्हणीला हाकलायला उठलेला मी, तिच्यासाठी चहा सांगून बसलो.

आता माझं दुखणं सांगतो. माझा धाकटा भाऊ डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या चाळीत राहतो. पुतणीच्या लग्नाच्या बोलणीला त्याने मला नेलं नाही. अख्ख्या घराण्यात बोलणी करायचा वकूब कुणाचा? माझा! आणि नेलं कुणाला, तर त्याच्या साडूला, जो भाजीवाल्याशीसुद्धा हात जोडून बोलतो. मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

गेल्या वर्षी मेव्हणीने नेमका त्याच चाळीच्या पटांगणात खेळ मांडला. बसायला अंथरायचंय म्हणून माझ्याच दुकानातल्या गादीवरच्या जुन्या चादरी घेतल्या आणि त्यांच्याबरोबर मलाही नेलं. बघतो तर समोर भाऊ. मी तोंड फिरवून बसलो. मध्ये पाटावर नारळ. आमच्या कोकणात एक जण देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मागितलं काय ते कुणी ऐकत नाही. सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. मेव्हणीने तोच खेळ मांडला होता; नियम एवढाच, की ज्याने त्याने आपल्या घरच्या माणसाबद्दल बोलायचं. माझी पाळी आली. मी नाही म्हटलं.

"घाबरलात होय, भावोजी?"

झालं! मी नारळापुढे उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा! माझ्या भावान माका पोरीच्या बोलणेक न्हेल्यान नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

"तेना माझो मान ठेवल्यान नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज भावाचा! जन्माची सवय. आपण कशाला होकार दिला ते लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. तो उठला. मला वाटलं, निघाला. पण तो नारळापाशी आला.

"बा देवा म्हाराजा! माझ्या दादाचो राग बघून पावणे पळतीत म्हणान मी भियालंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पन तेच्याशिवाय माझ्या पोरीचो मांडव सुनो दिसलो रे म्हाराजा! तेका घराक येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

सूर खाली आला आणि माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही. "व्हय म्हाराजा!" मी ओरडलो, तेही सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच.

"हे तू ठरवून केलंस," मी मेव्हणीला नंतर दरडावलं. चादरी घडी करता करता ती म्हणाली, "मी फक्त माणसं गोल बसवते, भावोजी."

त्या रविवारी भावाकडे वडे-सागोती होती. पुतणी आली होती, जावई आला होता. (या सोयरिकीत मी असतो तर मानपान जास्त झाला असता, हे मी अजूनही म्हणतो.) मेव्हणीलाही आवर्जून बोलावलं होतं. "बघते हं," म्हणाली होती. तिची आई गेल्यापासून तिच्या दाराला कुलूप तीच लावते आणि तीच उघडते, हे बायकोने मला त्या दिवशी जेवताना सांगितलं. मुंबईभर माणसं जोडणाऱ्या बाईला, तुझ्या घरी कोण असतं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

जेवणं आटोपली, पुतणी सासरी निघाली, दिवे लागले. मेव्हणीचं वाढलेलं ताट तसंच होतं.

"दादा, सगळा थंड झाला. काढू ताट?" भावाने विचारलं.

"काढू नको रे. झाक नीट," मी म्हटलं. "येईल ती."

त्याने ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि आम्ही दोघे भाऊ गॅलरीत, जिन्याकडे तोंड करून बसलो.