चुन्याच्या रेघेवरचा फोटो

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्या चांगुलपणाची वाट पाहत बसणार नाही.

ब्रह्मपुरीत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारसं, साक्षगंध, कधीमधी लग्न. चार वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या दुकानातून मी जुनी झूम लेन्स घेतली, सत्तर ते दोनशे दहाची. साध्या साडीच्या किमतीत आली. रिळाच्या जमान्यातली, हातात घेतली की मनगट दुखेल एवढी जड. फोकस हाताने फिरवायचा आणि तीच कडी मागे-पुढे ओढून झूम करायचं. काचेच्या कडेला थोडी बुरशी. तोंड खाली केलं की नळी आपोआप घसरायची, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर चढवला. माझा डिजिटल कॅमेरा तिला ओळख देत नव्हता. मध्ये एक अडॅप्टर घालून दोघांची सोयरीक जुळवावी लागली. पण फोकस नीट लागला, तर ती लेन्स माणसाच्या पापणीचा केस न् केस दाखवायची.

आमच्याकडे एक मोठा फोटोग्राफर आहे. त्याच्याकडे हातभर लांब पांढरी लेन्स, घरची शेती आणि शर्यतीच्या बैलांची जोडी. एका लग्नात मुलीकडून मी होते, मुलाकडून तो. भर मांडवात त्याने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, लेन्स वर धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "बाई, ह्या डब्ब्यात तांदूळ भरून ठेवा, कामी तरी येईन."

मांडव हसला. जिने मला बोलावलं होतं ती नवरीची आईही हसली. त्या दिवसापासून मी डब्बेवाली बाई झाले. त्या हंगामातल्या माझ्या तीन लग्नांची कामं त्याच्याकडे गेली. मी भांडले नाही, मनात दात धरला.

रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन मी सराव करू लागले. आत येणाऱ्या बसची पाटी, वडसा असो की नागभीड, एका झटक्यात स्वच्छ पकडायची. महिनाभर सगळ्या पाट्या धूसर आल्या. मग लक्षात आलं, की पळत्या बसच्या मागे फोकस पळवायचाच नाही. ती जिथून जाणार, त्या जागेवर तो आधीच लावून ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे मला जमण्यासारखं होतं. वाट पाहण्यात माझा हात कोण धरणार?

धान निघालं, की आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो. मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, दोन बैलजोड्या बाजूबाजूने पळवतात. त्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे, सोयरिकी तिथेच ठरतात. त्या वर्षी शेवटच्या दौडीत मोठ्या फोटोग्राफरची जोडी होती. तो स्वतः आपली पांढरी लेन्स घेऊन रेघेजवळ उभा होता. जोडी हाकणारा मात्र त्याचा गडी होता, पन्नाशी उलटलेला, वासरं होती तेव्हापासून त्या बैलांना वाढवणारा.

मी जागा शोधत होते, तर तो गडीच म्हणाला, "तिथी नको बाई, धूळ तिकडंच जाते. इथी धुऱ्यावर उभ्या राहा."

मी विचारलं, "आज येते का नंबर?"

"आला पायजे. पयला आला तं मालक जोडी ठेवते. नाई तं बजारात नेतो म्हणते."

मी धुऱ्यावर, त्या उंच बांधावर, चढले. चुन्याच्या रेघेवर फोकस लावला आणि कडी बोटाने दाबून धरली. जोड्या आल्या, धुळीचा लोट आला, रेघेवरच्या माणसाने झेंडी खाली पाडली, मी एकदाच बटण दाबलं.

पंचांच्या दोन्ही घड्याळांत दोन्ही जोड्यांची वेळ सारखी निघाली. पंच आपसात भांडू लागले, लोक ओरडू लागले. मी पाठमोरी होऊन कॅमेऱ्यात पाहिलं. मोठ्या फोटोग्राफरच्या बैलांची नाकं रेघेच्या पलीकडे होती. दुसरी जोडी वीतभर मागे. आरशात पाहावं इतकं स्पष्ट.

त्याच्या महागड्या लेन्सने मात्र धुळीवर फोकस लावला होता. तीस फोटो, तीसही धुळीचे. आणि चांगले आले असते, तरी मालकाचा फोटो कोण मानणार? माझा सगळ्यांनी मानला असता, कारण आमचं वाकडं साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. तो स्वतः माझ्याकडे आला.

"बाई, पाहा नं एकडाव. तुमचा फोटो सारेच मानतीन."

काय सांगू, त्या क्षणी मला किती गोड वाटलं! मी मुद्दाम मोठ्याने बोलले, चार लोकांना ऐकू जावं म्हणून. "डब्ब्यात काय येते, भाऊ? तांदूळ!"

लोक हसले. या वेळी त्याच्यावर. पंचांनी चिठ्ठी टाकली, ती दुसऱ्या जोडीची निघाली. घरी जाताना मी पावशेर जिलबी घेतली आणि एकटीने खाल्ली. गडी बैलांच्या माना पुसत बसला होता, तेही मी पाहिलं होतं. पाहून पुढे गेले.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा तो गडी माझ्या दुकानात आला. जोडी कोरपन्याकडच्या माणसाने विकत नेली होती. "त्या दिवशीचा एखांदा फोटो असन तं द्या," म्हणाला. "घरी लावतो."

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खालून चुन्याची रेघ कापली, मागून दुसरी जोडी कापली, नुसते त्याचे दोन बैल आणि तो एवढंच ठेवून फोटो छापला. त्याने तो उजेडात धरला.

"वर झेंडी पडून राह्यली. म्हंजे रेघेवरचाच आहे," तो म्हणाला. "बाजूची जोडी कुठी आहे?"

धुळीत हरवली, असं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"मागं होती," मी म्हणाले.

"मंग तवा काऊन नाई दाखवला?"

मी सांगितलं. तो मांडव, ते हसणं, हातची गेलेली कामं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पूर्ण फोटो मागितला. मी रेघेसकट, मागच्या जोडीसकट छापून दिला. त्याने तो पिशवीत नीट ठेवला आणि दारातून मागे वळला.

"मालक तं आठ दिसांत नवी जोडी घेऊन आला," तो म्हणाला. "त्याचं काय गेलं, बाई?"