चेन बदलायचा दिवस

बुलढाण्यातल्या लोकांनी वर्तमानपत्र किती वाजता वाचायचं, हे त्या काळी उकंडराव इंगळे यांच्या मोटरसायकलवर अवलंबून असे. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नागपूरचे पेपर पहाटेच्या रेल्वेनं मलकापूरला उतरत. दुसरा एक एजंट आपले गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून आणायचा. त्याचे पेपर लोकांच्या हाती पडेपर्यंत बातम्या शिळ्या झालेल्या असत. उकंडराव मात्र मोताळ्यावरून राजूर घाट चढून, कचेऱ्या उघडायच्या आत, चौकात हजर. गाडी लष्कराच्या लिलावातली, विलायती आणि जुनी.

त्या उन्हाळ्यात इंजिनातून खळखळ ऐकू यायला लागली. डब्यात खिळे हलवावेत तशी. मलकापूर स्टेशनाजवळच्या गुलाबराव मिस्त्रीनं बाजूचं झाकण उघडलं आणि आतली बारीक चेन अंगठ्यानं दाबून दाखवली. ती चांगलीच लोंबत होती.

"हे चेन मॅग्नेटोले फिरवते. हिच्यानंच ठिणगी वेळेवर पडते. सैल झाली का ठिणगी मागंपुढं होते, मंग घाटात गाडी दम टाकते. अन् तुटली का खतम."

"कवा तुटन?"

"ते मले काय मालूम? सहा महिने जाईन, नाही तं उद्याच तुटन."

"मंग बदलू का नको?"

"तू म्हन, मी खोलतो. पन दोन दिवस गाडी उभी राहीन."

उकंडरावांना याच उत्तराचा राग आला. डॉक्टरनं रोग्यालाच विचारावं, तुला औषध देऊ का, तसलं हे. तरी त्यांनी नागपूरहून नवी चेन मागवली. ती आली, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली गुलाबरावच्या फळीवर पडून राहिली. कारण ते दोन दिवस काही मिळेनात. पेपर रोज निघतो. गाडी उभी राहिली की गिऱ्हाईक त्या दुसऱ्या एजंटाकडे जाणार, आणि एकदा गेलेलं परत येईलच असं नाही.

गावात पेपर वाटायचं काम त्यांचा मेहुणा माणिकराव बघायचा. त्याचं मत ठाम होतं.

"चालून राह्यली ना गाडी? मंग चालत्या गाडीले काऊन खोलता भाऊजी?"

"आवाज येऊन राह्यला ना."

"आवाज तं माह्या बहिनीचाबी येते. तिले खोलता का?"

बायको, पुष्पाबाई, आतून हसली. उकंडराव हसले नाहीत. रोज घाट चढताना त्यांचे कान इंजिनालाच लागलेले असायचे. एखाद्या दिवशी खळखळ कमी वाटायची, मग चेन मागवायची उगाच घाई केली असं वाटे. दुसऱ्या दिवशी किकनं उलटा झटका दिला की पायासकट डोकंही भणभणायचं. शेवटी त्यांनी एक सोमवार पक्का केला. आणि नेमकी आवई उठली की मॅट्रिकचा निकाल त्याच आठवड्यात लागणार.

निकाल म्हणजे पेपरवाल्याची दिवाळी. पास झालेल्यांचे नंबर पेपरातच छापून येत. त्या दिवशी गाडी उभी ठेवणं म्हणजे धंदाच बंद करणं. त्यांनी गुलाबरावला सांगून टाकलं, "निकाल लागू दे, दुसऱ्याच दिवशी खोल." हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांची मुलगी कोकिळाही त्याच वर्षी मॅट्रिकला बसली होती. निकालाच्या पहाटे ती दारात येऊन नंबर सांगत होती. उकंडराव किक मारत होते. इंजिननं धरलं, खळखळ सुरू झाली, आणि "हाव, हाव" म्हणत ते निघाले.

येताना घाट अर्ध्याच्या वर चढून झाला, तेव्हा खळखळ एकदम थांबली. क्षणभर त्यांना बरंच वाटलं. मग इंजिनही थांबलं.

किक मारून मारून पिंढरी दुखली. त्यांनी गाडी कडेला लावली आणि मोठ्यानं शिव्या दिल्या, आधी माणिकरावला, मग गुलाबरावला, मग स्वतःला. ऐकायला फक्त माकडं होती. साऱ्या बुलढाण्याचा निकाल मागं बांधलेला, आणि आपण असे! त्यांनी एक पेपर ओढून काढला. बारीक आकड्यांच्या रांगाच रांगा. कोकिळाचा नंबर शोधायला बोट ठेवलं, आणि लक्षात आलं की नंबर आठवतच नाही. शेवटी सात होता की नऊ? त्यांनी डोळे मिटून बघितलं. आठवली ती फक्त खळखळ.

थोड्या वेळानं एसटी आली. टपावर त्या दुसऱ्या एजंटाचे गठ्ठे. कंडक्टर भला माणूस, त्यानं यांचेही गठ्ठे वर चढवून घेतले. पण गाडी जंगलात टाकून जायला उकंडरावांचा जीव होईना. ते भर उन्हात ती ढकलत घाट चढले, आणि वर पोचल्यावर त्यांना आठवलं की नवी चेन खाली मलकापुरात आहे.

गठ्ठ्यांचं जे व्हायचं तेच झालं. माणिकराव येईपर्यंत स्टँडवरच्या गर्दीनं सुतळ्या तोडल्या होत्या. कोणाचा पेपर कोणाच्या हातात गेला, पत्ता नाही.

घरी पोचले तेव्हा शेजारीपाजारी पेढे खाऊन गेलेले.

"बाबा, मी पास झाली!" कोकिळा म्हणाली. "तुम्ही तं सकाळीच पायलं असन ना?"

"नाही."

"काऊन? मी नंबर सांगतला होता नं तुमाले."

"गाडीचा आवाज येऊन राह्यला होता वो माय," उकंडराव म्हणाले आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले.

गाडी ट्रकमध्ये घालून मलकापूरला न्यावी लागली. दोन दिवस ती उभी राहिलीच.

पुढच्या वर्षी त्यांनी कोणाला विचारलं नाही. निकालाच्या बऱ्याच आधी, बिलकूल आवाज नसताना, त्यांनी आणखी एक नवी चेन मागवून इंजिन खोलायला लावलं. गुलाबरावनं चेन काढली, पुसली, अंगठ्यानं दाबली.

"हे तं नव्यावानी हाये. आनखी दोन वर्सं गेली असती."

"मंग काढली काऊन?"

"तूच म्हनला!"

उकंडरावांनी कपाळावर हात मारला. "बसव आता नवीनच," ते म्हणाले, आणि दोन दिवसांचे गठ्ठे टाकायला एसटी किती वाजता सुटते ते बघायला स्टँडकडे निघाले.