आमचा काठ किती लांब?

मी मॅट्रिकच्या वर्षाला होतो तेव्हा भूमितीच्या मास्तरांनी माझं कौतुक केलं आणि त्यात माझं वाटोळं व्हायची वेळ आली. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, शाळाही मराठी झाली होती, पण मास्तर स्वतः उर्दूत शिकलेले. त्यांच्या तोंडून आधी ‘मुसल्लस’ निघायचं आणि मग जीभ चावून ‘त्रिकोण’. भूमितीवर असा जीव, की फळ्यावर काढलेलं वर्तुळ पुसायचं त्यांच्या जिवावर यायचं.

दिवाळीच्या सुट्टीला मला न्यायला माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शहागडहून जालन्याला आले. मास्तरांनी त्यांना चहा पाजला. म्हणाले, “पोरगा होशियार आहे. आणि भूमिती म्हणजे मुकम्मल इल्म, पूर्ण झालेली विद्या! हजारो सालांपूर्वीच सगळं सिद्ध होऊन बसलंय. बिलकुल काही बाकी नाही.”

आबांनी तेवढंच पकडलं. मला औरंगाबादला जाऊन गणितच शिकायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. सर्व्हिस मोटारीत अंबड मागं पडल्यावर ते म्हणाले, “समदं करून झालंय म्हनतेत मास्तर. मंग तू तिथं जाऊन काय लोकांची उष्टी काढनार? वकील व्हय. मानसाची भांडनं कदी संपत न्हाईत.”

भांडणांचा त्यांचा अनुभव दांडगा होता. गोदावरीचा पूर ओसरला की आमच्या काठाला गाळ उरायचा आणि त्यात टरबुजं लावायची. वाटणीत वरचा काठ धाकट्या काकांचा आणि खालचा आमचा. मधली खुंटी दर पुरात वाहून जायची. म्हणून दिवाळीनंतर दोघं भाऊ आपापल्या टोकापासून शंभर काठ्या मोजत यायचे. हिशोबानं दोघांनी एकाच जागी भेटायला हवं. पण काकांची खुंटी दरवर्षी आमच्या वाट्यात पडायची. आबा म्हणायचे धाकला लबाड, काका म्हणायचे दादा लबाड. शेवटी बोलणंच तुटलं. वकील हवा होता तो सख्ख्या भावावर सोडायला, आणि तो वकील मी!

त्या सुट्टीत खुंटी पुन्हा आत पडली. आबा काठावर उभे राहून शिव्या देत होते आणि मी मनातल्या मनात काळा कोट घालून रडत होतो. तेवढ्यात पलीकडे काका मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, गुंडाळताना दिसले. काकांचे गुडघे दुखायचे. वाकून वाकून काठी टाकणं नको, म्हणून त्यांनी दहा काठ्यांएवढा नाडा मापून घेतला होता. बराबर दहा, त्यात खोट नव्हती. पण आमचा काठ वाकडातिकडा. काठी प्रत्येक खाचेत शिरायची आणि नाडा ताणला की खाचा ओलांडून सरळ जायचा.

मी धावत जाऊन घरचा नाडा आणला आणि आमचाच वाटा त्यानं मोजला. शंभर काठ्यांचा काठ पंच्याऐंशीवर आटोपला. आबांना दाखवलं तर म्हणाले, “तू बी धाकल्याकडून बोलायलास का?” मग त्यांनी स्वतः मोजलं. एकदा काठीनं, एकदा नाड्यानं. मोजून झाल्यावर ते गाळातच बसले.

“म्हंजे धाकला खोटं बोलत न्हवता,” ते म्हणाले. “इतकी वर्सं मी त्याला चोर म्हनत आलो.”

मला त्यांची फार दया आली. पण अंगात विद्या संचारली की गप्प बसवत नाही. मी एक खाच विटीदांडूच्या दांडूनं मोजून दाखवली, मग वितीनं. माप जेवढं लहान, तेवढा काठ लांब होत चालला. आबा वैतागले. “आरं पन खरा किती हाय?”

“मला म्हाईत न्हाई, आबा. मास्तरांच्या पुस्तकात न्हाई हे.”

ते उठले, नाडा खांद्यावर टाकला आणि तरातरा काकांच्या शेताकडे निघाले. थोड्या वेळानं तिकडून आरडाओरडा ऐकू आला. झालं, डोकी फुटली असं समजून मी पळालो. बघतो तर दोघे भाऊ चिखलात उकिडवे बसून एकच काठी टाकत होते. काका कण्हत होते, “दादा, माझे गुडघे!” आणि आबा म्हणत होते, “तू बस रं, मी टाकतो. तू नुसतं मोज.” खुंटी कुठं पडली ते दोघांनीही धड पाहिलं नाही.

काकूनं केलेलं पिठलं-भाकर खाऊन आम्ही परतलो. घर दिसायला लागलं तेव्हा आबा म्हणाले, “वकील बिकील ऱ्हाऊ दे. आता भांडायला कोन हाय? तू जाय औरंगाबादला.”

दोन पावलं गेल्यावर थांबले. “आन् जाताना मास्तरला भेट. काम बाकी हाय म्हनावं.”